प्रकरण: सातपूरचा डावा कोपरा

सातपूर औद्योगिक वसाहतीत जानेवारी २०२५ मधल्या एका सकाळी, साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान, चाळीस फुटी कंटेनर लादलेला एक ट्रेलर मोठ्या रस्त्यावरून डावीकडे आतल्या रस्त्याला वळला. त्याच्या डाव्या अंगाने एक सायकलवाला सरळ चालला होता. तो ट्रेलरच्या मागच्या चाकांपाशी सापडला. जीव वाचला, पण उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं आणि पावलाचा पुढचा भाग काढावा लागला. वय ५४. राहायला श्रमिकनगरच्या बाजूला, कामाला एका छोट्या वर्कशॉपमध्ये ठेकेदारामार्फत फिटरचा मदतनीस. दिवसभर उभं राहायचं काम होतं, ते आता होत नाही.

नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी त्यांच्या वकिलांना जागेचा मोजमापासह नकाशा हवा होता, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. मी स्थापत्य अभियंता आहे. रस्ते आणि चौक आखण्यात बरीच वर्षं गेली. कुटुंबाला विचारून लिहितो आहे. चौकाचं, कंपन्यांचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मोजमापं गोळाबेरजेत दिली आहेत.

दोन कागद

माझ्या हातात पहिल्यांदा दोन कागद पडले. एक पोलिसांची फिर्याद. तिच्यात चालकाने वाहन "हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात" चालवून धडक दिली, असं लिहिलं होतं. ज्यांनी अशा फिर्यादी वाचल्या आहेत त्यांना हे वाक्य पाठ असतं. सायकलला बैलगाडीने धक्का दिला तरी ते तसंच उतरेल. दुसरा कागद नंतर आला, विमा कंपनीच्या बाजूचा. त्यात सायकलला दिवा नव्हता, अंगावर गडद कपडे होते आणि सायकलस्वार अंधारात अचानक ट्रकच्या डाव्या बाजूने आडवा आला, असं म्हटलं होतं. अपघाताला त्याचाही हातभार होता असं ठरलं, तर तेवढ्या टक्क्यांनी भरपाई कापली जाते. त्या वाक्यामागचं गणित एवढं सरळ आहे.

एका कागदात दोष चालकाचा, दुसऱ्यात सायकलवाल्याचा. रस्ता दोन्हीत नाही. घटनास्थळाच्या पंचनाम्यात तो आला होता, पण "डांबरी, सरळ, दुभाजक असलेला" इतकाच. कोपरा केवढा, कडेला काय उभं होतं, दिवा पेटत होता का, हे कुणी विचारलं नव्हतं. मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते यामुळेच. पोलिसांच्या कागदात जे कारण उतरतं त्यावर फक्त पैसे ठरत नाहीत, पुढे त्या जागी काय दुरुस्त होणार हेही ठरतं. माणसाचा दोष लिहिला की दुरुस्ती माणसाची होते, म्हणजे दंड नाहीतर उपदेश.

कोपरा कसा आहे

दुभाजकाच्या एका बाजूला साडेसात मीटर डांबर आहे. कागदावर ऐसपैस. प्रत्यक्षात पहाटे डाव्या कडेला ट्रकांची रांग असते. न्हावाशेवा बंदरातून रात्री निघालेली वाहनं तीन-चारला नाशिकात पोचतात, आणि कंपन्यांची मालाची गेटं आठला उघडतात. तोवर चालक कडेला गाडी लावून झोपतात. त्यांनी दुसरं करावं तरी काय? रांगेने अडीच मीटरहून थोडं जास्त अडवलं. त्याच्या उजवीकडून दुसरा ट्रेलर दुभाजकापासून हातभर अंतर ठेवून निघाला, की दोघांच्या मधे जेमतेम पावणेदोन-दोन मीटरची बोळ उरते. सायकलवाला त्या बोळीतून जातो. रोज जातो. त्याला दुसरी जागा नाही.

कोपऱ्याच्या वीसेक मीटर आधी रांग संपते, कारण तिथून गाडी लावली तर आत वळणाऱ्यांना अडचण होते. एवढी शिस्त चालकांनी आपापसात पाळलेली आहे. बोळीतून सुटलेला सायकलवाला इथे साहजिकच डावीकडे कडेला सरकतो. आणि ट्रकवाल्याला याच जागी डावीकडे वळायचं असतं.

कोपऱ्याचं वळण सुमारे १५ मीटर त्रिज्येचं आहे. लांब ट्रेलर न अडकता वळावा म्हणून ते मुद्दाम असं ठेवतात. औद्योगिक वसाहतीत तसं ठेवण्याला कारणही आहे. पण अशा ऐसपैस वळणावर वाहन फारसं सावकाश करावं लागत नाही. मधला पथदिवा बंद होता. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. थंडी कडाक्याची, आणि शेकोट्यांचा धूर खालीच तरंगत राहतो.

कॅबिन पुढे गेली म्हणजे ट्रक पुढे गेला नाही

समोरच्या कंपनीच्या गेटावरच्या कॅमेऱ्यात शेवटचे काही क्षण आले होते. कोपऱ्याचा एक भाग झाडामागे जातो, तरी पुरेसं दिसतं. दोन खांबांमधलं अंतर मोजून घेतलं, ते २८ मीटर. ट्रेलरने ते साडेतीन सेकंदांत कापलं. म्हणजे ताशी २९ किलोमीटरच्या आसपास. ज्याला फिर्यादीत भरधाव म्हटलं, त्या वेगाने शहरातली कुठलीही रिक्षा जाते. सायकल ताशी १३ च्या जवळपास चालली होती.

आता नीट बघू. या दोन वेगांतला फरक सेकंदाला साडेचार मीटर. ट्रेलर पुढून मागपर्यंत सोळा मीटर लांब. सायकलला पूर्ण मागे टाकायला त्याला चार सेकंद लागणार. चालकाची कॅबिन सायकलच्या पुढे गेली, त्याने आरशात पाहिलं किंवा पाहिलं नाही, आणि मग वळायचं म्हणून वेग कमी केला, २० पर्यंत आणला. इथे गणित फिरलं. आता दोघांच्या वेगात सेकंदाला दोनच मीटरचा फरक उरला. ट्रेलरचा मागचा सहा-सात मीटरचा भाग सायकलच्या बरोबरीने असताना पुढचा भाग वळायला लागला. वळण्याआधी वेग कमी करणं ही शहाणपणाची गोष्ट, पण इथे तिनेच चालकाची आघाडी खाऊन टाकली.

जखमी सायकलवाल्यांना मी विचारलं, ट्रेलरच्या चालकाने डावीकडचा इंडिकेटर दिला होता का. ते म्हणाले, "दिला असेल साहेब, मी खोटं कशाला बोलू. पण मी त्याच्या पोटापाशी होतो. पुढचा दिवा पुढे, मागचा मागे. मला कुठला दिसणार?" हे मी आजवर कुठल्याच अहवालात वाचलेलं नाही, आणि इतकं उघड आहे.

मग मागची चाकं. लांब वाहन वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, आतून जातात. हे वाहन १५ मीटर त्रिज्येने वळताना मागचा आस अडीच मीटरच्या आसपास आत येतो. रस्त्याच्या कडेच्या दगडावर टायर घासल्याची काळी रेघ अपघातानंतर काही आठवडे होती आणि तिच्यावर जुन्या रेघाही होत्या. म्हणजे ट्रेलर तिथे रोज कडेला घासून वळत होते, त्या दिवशी फक्त मधे एक माणूस होता. पुढची चाकं आपल्यापासून लांबून गेली म्हणून सायकलवाला निर्धास्त राहतो, आणि कंटेनरची भिंत हळूहळू त्याच्याकडे सरकत येते. कडेला फुटपाथची उंच कड. उतरून बाजूला व्हायला जागाच नाही.

अशा वेळी माणूस निदान चाकाखाली जाऊ नये म्हणून ट्रेलरच्या दोन्ही अंगांना आडवे लोखंडी दांडे असतात, साइड गार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोठ्या मालवाहनांना ते लागतात. या ट्रेलरचा पुढचा अर्धा होता. मागचा, चाकांजवळचा, कधीतरी तुटलेला आणि उरलेलं टोक तारेने बांधलेलं. फिटनेसचं प्रमाणपत्र मात्र चालू होतं. यावर काही लिहीत बसत नाही.

दिवा नव्हता, हे खरं

सायकल जुनी काळी, कॅरिअरला डब्याची पिशवी, मागच्या मडगार्डवरचा लाल चकाकता तुकडा कधीच गळून पडलेला. दिवा नव्हता हे कुटुंबही नाकारत नाही. पण अपघाताचं कारण म्हणून तो मुद्दा टिकतो का?

चालक पळाला नव्हता. तो थांबला, लोकांच्या चार थपडा खाल्ल्या, आणि १०८ ला फोन करणाऱ्यांत तोही होता. त्याचं सांगणं पहिल्यापासून एकच आहे: "दिसला होता ना. मी त्याला पास करून पुढे आलो. मागे राहिला म्हणून वळलो." म्हणजे सायकल त्याला दिसली होती. दिवा लागतो तो मागून येणाऱ्याला दिसण्यासाठी, आणि मागून येणाऱ्याला हा दिसलाच होता. नंतर ज्या जागी तो गेला तिथे पाचशे वॅटचा दिवा असता तरी चालकाला दिसला नसता, कारण आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि डाव्या दाराखालचा पट्टा त्याला फक्त आरशातून दिसतो, तोही खाली वळवलेला जादा आरसा असेल तर. या कॅबिनला तसा आरसा नव्हता. वकिलांनी उत्तरात हाच मुद्दा धरला, आणि माझ्या मते दाव्यातला सगळ्यात भक्कम तोच आहे.

याचा अर्थ सायकलला दिवा लावू नये असा कुणी काढू नये. शंभर-दीडशे रुपयांचा मागचा लाल दिवा आणि मडगार्डवर चकाकणारी पट्टी हा पहाटे निघणाऱ्याचा सगळ्यात स्वस्त विमा आहे. फक्त या अपघाताचं खापर त्यावर फोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी नकाशात दाखवता आली नाही. पूर्वी अशा ट्रकात क्लीनर असायचा. डावीकडे बसायचा, वळताना अर्धा बाहेर लोंबून दरवाज्यावर हात आपटत "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा, कुणी कडेला असेल तर ओरडायचा. ट्रकचा डावा डोळा म्हणजे तो पोरगा. त्याला रोजगार किती आणि कसा मिळायचा ते वेगळं, पण डाव्या बाजूला माणूस होता. हा ट्रेलर न्हावाशेव्याहून एकटा चालक घेऊन आला होता. भाड्यात दोन माणसं परवडत नाहीत, असं तो म्हणाला. माणूस काढला, त्याच्या जागी आरसा किंवा कॅमेरा कुणी बसवला नाही.

नाशिकच्या दोन सायकली

नाशिकला सायकलींचं शहर म्हणवून घ्यायला आवडतं, आणि त्यात तथ्य आहे. इथल्या महाजन बंधूंनी, दोघे डॉक्टर, २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने पूर्ण केली, तेव्हा शहराने मिरवणूक काढायचंच बाकी ठेवलं होतं. रविवारी पहाटे गंगापूर धरणाकडे, त्र्यंबकच्या वाटेला हेल्मेट घातलेले, लुकलुकत्या दिव्यांचे थवे दिसतात. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या जेमतेम १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रस्त्यावर सायकलसाठी वेगळी पट्टीही आखली गेली.

पण त्याच पहाटे सातपूर-अंबडकडे जाणारी काळी सायकल कुठल्या थव्यात नसते. ती रोज जाते, रविवार सोडून. तिच्या वाटेवर पट्टी नाही. याचा मला राग येतो, हे लपवत नाही. सायकलवरचा माणूस कामगार असला की तो आपल्या बोलण्यात सायकलस्वार राहत नाही, "मधे आलेला माणूस" होतो. देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांतले ३२ हजारांहून अधिक पायी चालणारे आणि सुमारे ४,८०० सायकलवाले. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे.

पायी चालणाऱ्यांचा त्याच कोपऱ्याशी संबंध

मोजमाप घेताना लक्षात आलं, की सायकलवाल्याइतकाच धोका पायी येणाऱ्या बायकांना आहे. सिटीलिंक बसच्या थांब्यावर उतरून पॅकिंगच्या युनिटांकडे जाणाऱ्या बायका घोळक्याने चालतात, आणि फुटपाथ असताना डांबरावरून चालतात. बाहेरच्या माणसाला हा बेशिस्तपणा वाटेल. फुटपाथवर चढून पाहिलं की वाटणार नाही. आधी विजेची पेटी, मग डीपी आणि तिचं कुंपण, मग चहाची टपरी, मग टपरीच्या गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली. कड इतकी उंच, की साडी नेसलेल्या बाईला दर वीस पावलांवर चढउतार करायचा म्हणजे व्यायामच.

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी:१०३. त्यांत फुटपाथची मोकळी, विनाअडथळा रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. या कोपऱ्यावर उंची त्याच्या दुपटीला टेकते आणि मोकळी रुंदी काही ठिकाणी शून्य. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगून राज्यांना फुटपाथबाबत धोरण ठरवायला सांगितलं. निकाल दिल्लीत झाला, डीपी अजून तिथेच आहे.

कोपऱ्याचं मोठं वळण चालणाऱ्यालाही नडतं. वळण जितकं मोठं, तितकं आतला रस्ता ओलांडायचं अंतर वाढतं. तोंडाशी आठ मीटरचा असलेला रस्ता कोपऱ्याच्या रेषेत ओलांडायला गेलं की वीसच्या घरात जातो. पायी ओलांडण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे सोळा-सतरा सेकंद उघड्यावर, आणि वाहन पाठीमागून येणार. आजीबाईंना तर त्याहून जास्त.

दावा

इथे थोडा तपशील देतो, कारण बऱ्याच घरांत हे माहीत नसतं आणि वेळ निघून जाते.

सगळ्यात आधी कॅमेरा. बहुतेक ठिकाणी चित्रण पंधरा दिवस ते महिनाभरात पुसून त्यावर नवं चढतं. जखमीचा पुतण्या दुसऱ्याच दिवशी त्या गेटावर गेला. वॉचमन म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब यायच्या आत पोराने पडद्यावरचं चित्र मोबाइलवर उतरवून घेतलं. नंतर वकिलांनी लेखी पत्र दिल्यावर कंपनीने मूळ चित्रण पेन ड्राइव्हवर दिलं, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्रही. ते नसेल तर न्यायालयात अशा चित्रणाची अडचण होते. पुतण्याने दोन आठवडे उशीर केला असता, तर आज या प्रकरणात फक्त वर सांगितलेले दोन कागद असते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली दावा करायची मुदत २०२२ पासून सहा महिन्यांची आहे. पाय बरा होईपर्यंत थांबू असं घरच्यांचं चाललं होतं. वकिलांनी जूनमध्येच दावा दाखल केला. पगार रोखीत, पावती नाही. ईएसआयसीची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, नोंदणी ठेकेदाराने केली नव्हती, त्यामुळे सातपूरचं ईएसआय रुग्णालय हाकेच्या अंतरावर असून उपयोगाचं ठरलं नाही. खासगी रुग्णालयाचं बिल त्यांच्या पत्नीच्या, वहिनींच्या, बांगड्या मोडून आणि सोसायटीचं कर्ज काढून भागवलं. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना ५ मे २०२५ ला अधिसूचित झाली. यांना ती चार महिन्यांनी चुकली.

वहिनी मला म्हणाल्या, "भाऊ, हे काही घाईत नव्हते. वेळेवर निघाले होते. कामावरच चालले होते ना, मग कामावरचा अपघात का नाही धरत?" प्रश्न बरोबर होता. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला येताना कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला होता. त्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात वेळ, ठिकाण आणि कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर नोकरीतलाच धरता येतो, असं ठरवलं. पण तेव्हा, २०२५ च्या मध्यात, मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कर्मचारी भरपाई कायदा यांपैकी एकच वाट निवडावी लागत होती. वकिलांनी पहिली निवडली, कारण ट्रेलरला विमा होता आणि न्यायाधिकरणात भविष्यातल्या कमाईचं नुकसान जास्त मोकळेपणाने मागता येतं.

वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार अशी सरकारी भरपाईची तरतूद आहे. सायकलवाल्यांच्या बाबतीत हे वरचेवर घडतं म्हणून सांगून ठेवतो.

मी वकिलांना कलम १९८-अ बद्दल विचारलं. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत ठरलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. वकील हसले. त्यांनी ते कलम लावलेलं पाहिलं नव्हतं. माझा नकाशा मात्र त्यांनी दाव्याला जोडला.

त्या जागेचं पुढे काय झालं

अपघातानंतर पंधरा दिवसांत गतिरोधक आला. मागणी तीच झाली होती, फलक लावून. कोपऱ्याच्या चाळीस मीटर अलीकडे, रात्रीतून, पट्टे न मारता. आयआरसीच्या मापाचा गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून वाहन ताशी पंचविसाने जाऊ शकतं. हा पाऊण मीटर रुंदीचा बांध होता. ट्रक त्यावर जवळजवळ थांबायचे, मग गिअर टाकून वेग घ्यायचे. सायकलवाले त्याच्या कडेच्या फटीतून निसटायचे, म्हणजे थेट ट्रकच्या डाव्या कुशीत. वेग हा इथे मूळ आजार नव्हताच. पण फिर्यादीत भरधाव लिहिलं होतं, म्हणून औषध वेगावर दिलं गेलं.

मग काही दिवस कडेच्या ट्रकांवर दंडाची कारवाई झाली. ट्रक दोनशे मीटर पुढे सरकले. कारवाई थांबली, ट्रक परत आले.

खरा फरक पडला तो भलत्याच ठिकाणाहून. त्या रस्त्यावरच्या एका कंपनीचे सुरक्षा अधिकारी माझ्या ओळखीचे. त्यांच्याकडे मागच्या बाजूला मोकळं आवार पडून होतं. त्यांनी आपल्या मालाच्या गाड्यांना रात्रीच आत घ्यायला सुरुवात केली. आवारात दोन शौचालयं आणि नळ होताच. शेजारच्या दोघांनी पाहून तेच केलं. गेट आठला उघडायचा नियम कुठल्या कायद्यात नव्हता, वॉचमनच्या पाळीवर ठरला होता. पहाटेची रांग निम्म्याहून कमी झाली. सायकलवाला आता बराच काळ कडेने चालतो, ट्रकच्या चालकाला तो आधीपासून डावीकडे दिसत राहतो, बोळीतून अचानक उगवत नाही. यासाठी कुणाला निविदा काढावी लागली नाही.

पथदिवा तीन अर्जांनंतर लागला. गतिरोधक तसाच आहे, आता त्याला पांढरे पट्टे आहेत.

कोपऱ्याचं काम राहिलं आहे. माझा प्रस्ताव असा: वळणाची त्रिज्या १५ वरून ६ मीटरवर आणायची, पण दगडी कड घालून नव्हे. जुन्या आणि नव्या वळणाच्या मधल्या पट्ट्यात दोन-तीन इंच उंचीची खडबडीत फरसबंदी करायची. लांब ट्रेलरची मागची चाकं तिच्यावर चढून जातील. मोटार, टेम्पो आणि ट्रेलरची कॅबिन मात्र बाहेरूनच वळतील. १५ मीटरच्या वळणावर अंगाला जितका हिसका ताशी वीसला बसतो, तितका ६ मीटरच्या वळणावर ताशी साडेबारा-तेरालाच बसतो. म्हणजे वळणारं वाहन सायकलच्या वेगावर येतं, आणि कोपऱ्याच्या बऱ्याच आधी येतं. चालक सायकलला मागे टाकून वळायच्या फंदात पडत नाही, तिच्या मागे थांबतो. बायकांना ओलांडायचं अंतरही जवळजवळ निम्मं होतं. ट्रकवाल्यांशी बोललो तेव्हा त्यांची हरकत एकच होती: टायर फाटता कामा नये. म्हणून फरसबंदीची कड तिरकी धरली आहे.

एका अडचणीवर माझ्याकडे उत्तर नाही. पावसाळ्यात त्या कोपऱ्यावर पाणी तुंबतं. सध्याचा उतार वळणाच्या आतल्या बाजूला आहे आणि फरसबंदी नेमकी तिथे येते. पाण्याच्या निचऱ्याचं चेंबर सरकवावं लागेल, आणि खर्चाचा मोठा भाग तोच आहे. बाकीचं काम दोन दिवसांचं.

सिंहस्थासाठी त्र्यंबक रस्त्यासह शहरातल्या अनेक रस्त्यांची कामं हातात घेतलेली असल्याने, हा कोपराही त्यांतच बसवावा असं मी सुचवलं होतं. संबंधित कार्यालयाचं उत्तर आलं: कोपऱ्याच्या त्रिज्येत बदल करण्याची बाब मंजूर कामात अंतर्भूत नाही, स्वतंत्र प्रस्ताव अंदाजपत्रकासह सादर करावा. अंदाजपत्रक चेंबरसकट करून दिलं आहे. दाव्याची पुढची तारीख पडली आहे, त्या दिवशी चालकाची उलटतपासणी आहे.